बैलजोडी, येलदरी आणि सोलर: विजेवर गप्पा मारायला म्युझियम कशाला हवं?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त मधलं अडखळणं आणि मागून येणारा मिक्सरचा आवाज काढून टाकलाय.)

आजचा विषय आहे म्युझियम. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. मला माहितीये, म्युझियम म्हटलं की शाळेची सहल आठवते. रांगेत चालायचं, काचेला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सरांना निबंध दाखवायचा. पण आज आपण बोलणार आहोत ऊर्जेच्या म्युझियमबद्दल. म्हणजे चूल, बैल, रॉकेल, कोळसा, धरण, सोलर, हे सगळं लोकांसमोर कसं मांडायचं आणि त्यावर लोकांना बोलतं कसं करायचं.

आता हा विषय आत्ताच का? कारण आपल्या परभणी जिल्ह्यात ऊर्जा आत्ता बदलतेय. २०१९ ला पीएम-कुसुम आली. मग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. मग ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. शिवारात पॅनेल उभे राहतायत. पॅनेल कुणाच्या जमिनीवर बसणार, गायरानावर बसणार का, पंपाला दिवसा वीज मिळणार का, हे सगळं आत्ता ठरतंय. आणि या गोष्टी एकदा ठरल्या की वीस-पंचवीस वर्षं तशाच राहतात.

पण यावर आपण बोलतो कुठं? ग्रामसभेत बोलावं, तर तिथं आपल्या वयाचं कुणी फिरकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावं, तर तिसऱ्या मेसेजला विषय पक्षावर जातो. राहता राहिलं वीजबिल. ते हातात आलं की बोलणं कमी आणि शिव्या जास्त. माझं म्हणणं असं की म्युझियम ही यापेक्षा बरी जागा होऊ शकते. तिथं वस्तू डोळ्यासमोर असते, कुणाला घाई नसते आणि आजोबा आणि नात एकाच गोष्टीकडं बघत उभे असतात.

[०२:१०] वीज काचेच्या पेटीत कशी ठेवणार?

आता पहिली अडचण. तलवार पेटीत ठेवता येते. ऊर्जा कशी ठेवणार? ती दिसतच नाही. ती ज्या कामातून जाते ते काम फक्त दिसतं.

याचं सगळ्यात सुंदर उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथं सेल्फीपण काढलाय. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. अठराव्या शतकातलं काम. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांमधून काही किलोमीटर आणलं. बंद नळातलं पाणी, नळ खालून गेला तरी, जिथून निघालं जवळपास तितक्या उंचीपर्यंत पुन्हा चढू शकतं. या एका नियमाच्या जोरावर ते पाणी उंच भिंतीवर चढवलं. मग वरून धार पडते, खालचं पातं फिरतं आणि त्याला जोडलेलं जातं पीठ दळतं. ते पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या जेवणासाठी जायचं.

बघा, ना मोटर, ना डिझेल, ना बिल. पण आपण तिथं काय करतो? धारेजवळ फोटो काढतो आणि बाहेर येऊन चहा घेतो. तिथं उभं राहून एक साधा प्रश्न कुणी विचारला तर? ‘हे दळण फुकट होतं, मग ते बंद का पडलं? आज पुन्हा चालू केलं, तर पाणी कुठून आणायचं?’ या एका प्रश्नावर अर्धा तास गप्पा होऊ शकतात. झरा, शहर, पाण्याची पातळी, विजेची गिरणी, सगळंच त्यात येतं. वस्तू तिथं आहे. कमी आहे ती प्रश्नाची पाटी.

दुसरं ठिकाण पुण्यातलं. राजा दिनकर केळकर संग्रहालय. केळकरांनी एकट्याच्या जिवावर घराघरातल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. तिथं दिव्यांचा अख्खा विभाग आहे. एकेक दिवा म्हणजे नक्षीकामाचा नमुना. पण तोच दिवा ऊर्जेच्या नजरेनं बघा. त्यात तेल कुठलं जळायचं? ते तेल खायचंही होतं का? मग रात्री किती वेळ दिवा ठेवणं परवडायचं आणि कुणाच्या घरी? म्हणजे अंधार सगळ्यांना सारखाच होता, पण उजेड सारखा नव्हता. हे कळलं की ‘आमच्या वस्तीवरच सिंगल फेज का?’ हा आजचा प्रश्न फार वेगळा वाटत नाही.

[०५:००] थोडा हिशेब: एक बैलजोडी म्हणजे किती मोबाईल?

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळं आकडे आल्याशिवाय मला करमत नाही. पण सोपा हिशेब आहे, बसमध्ये असाल तरी जमेल.

बैलजोडी सावकाश, दमानं काम करते तेव्हा तिची ताकद साधारण एक हॉर्सपॉवर धरतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. दिवसाला सहा तास औत धरलं तर होतात साधारण साडेचार युनिट. युनिट म्हणजे आपल्या बिलावरचं तेच युनिट. आता ५००० एमएएचच्या मोबाईलची बॅटरी एकदा पूर्ण भरायला साधारण एक युनिटचा पन्नासावा भाग लागतो. मधली थोडी गळती धरली तरी बैलजोडीच्या एका दिवसाच्या कष्टात, निदान कागदावर, दोनशेच्या आसपास मोबाईल चार्ज होतील. ऐकायला लई भारी. पण तेच दीड टनाचा एसी लावला तर बैलांचा अख्खा दिवस तीन तासांत संपला!

उलटा हिशेब करू. तुमच्या विहिरीला दहा मीटरवर पाणी आहे. एक युनिट विजेत, पंपाची निम्मी ताकद वाया गेली असं धरलं तरी, साधारण १८ हजार लिटर पाणी वर येतं. तेच मोटेनं काढायचं आणि एका मोटेत दीडशे लिटर धरलं, तर १२० खेपा. म्हणजे बैलांनी १२० वेळा उतारावरून जायचं आणि १२० वेळा मागं यायचं. आज आपण एक बटण दाबतो.

हा हिशेब मी पडद्यावर दाखवला तर तुम्ही ‘वा’ म्हणाल आणि विसराल. पण म्युझियममध्ये एक खरी मोट टांगली, शेजारी पाच हॉर्सपॉवरची मोटर ठेवली आणि एक दोरी तुमच्या हातात देऊन ‘ओढा’ म्हटलं, तर? पुढची दहा वर्षं तुम्ही मोटर चालू ठेवून शेताबाहेर जाणार नाही. शरीराला कळलेलं लवकर विसरत नाही.

आणि गंमत म्हणजे यातलं निम्मं साहित्य परभणीतच आहे. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधन करणारं केंद्र आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचा तो भाग. बैलचलित अवजारं सुधारायची, बैलाच्या मानेवरचा ताण कमी करायचा, त्याच कष्टात जास्त काम कसं होईल ते बघायचं. ट्रॅक्टरच्या जमान्यात बैलावर संशोधन का, असं कुणाला वाटेल. पण दोन-तीन एकरवाल्याला ट्रॅक्टर परवडत नाही, डिझेलचा भाव त्याच्या हातात नाही आणि बैल चारा खाऊन शेणखतही देतो. म्हणजे ज्याला आपण ‘भूतकाळ’ म्हणून पेटीत ठेवायला निघालोय, तो काहींसाठी अजून वर्तमान आहे. ऊर्जेच्या म्युझियमनं हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे. जुनं संपलं आणि नवं आलं, इतकं सरळ ते कधीच नसतं. आपल्याच गावात बघा. एकाच घरात गॅसही असतो, बाहेर पऱ्हाट्या-तुराट्यांवर पाणीही तापतं आणि पत्र्यावर सोलरही असतो.

[०८:०५] आपलं पाणी आणि त्यांची वीज

आता परभणीची खास गोष्ट. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे, हे सगळ्यांना माहितीये. १९६८ मध्ये ते पूर्ण झालं. धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, २२.५ मेगावॅटचं. पाणी वरून येतं, जनित्र फिरवतं आणि पुढं सिद्धेश्वर धरणाकडं जातं. तिथून कालव्यानं शेताला. म्हणजे एकच पाणी आधी वीज देतं आणि मग पीक. किती हुशारीचं काम!

शेजारी परळी. जिल्हा बीड, पण सोनपेठ-गंगाखेडकडून अगदी जवळ. १९७१ मध्ये तिथं ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढं २१० मेगावॅटचे तीन आले. हे जुने संच आता निवृत्त झालेत. आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. म्हणजे परळीचा एक संच म्हणजे अकरा येलदऱ्या. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जातो. असा एक संच तासभर पूर्ण क्षमतेनं चालला तर दीडशे टनांपेक्षा जास्त कोळसा खातो. त्याची राख होते आणि तीही कुठंतरी ठेवावी लागते.

पण औष्णिक केंद्राला कोळशाइतकंच पाणी लागतं. वाफ करायला आणि ती थंड करायला. परळीचं पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. आणि खडका कुठं? आपल्या सोनपेठ तालुक्यात. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं.

आता विचार करा. दुष्काळात गोदावरीत पाणी सोडलं. ते पिण्याला द्यायचं, उसाला द्यायचं, ज्वारीला द्यायचं की विजेला? वीज नसेल तर पिण्याचं पाणी उपसणारा पंपही बंद पडतो. पाणी नसेल तर वीजच बनत नाही. याचं सरळ उत्तर माझ्याकडं नाही आणि कुठल्याच गॅलरीत ते लावता येणार नाही. पण एक टेबल करता येतं. त्यावर गोदावरीचा नकाशा, चार नळ आणि मोजकंच पाणी. भेट द्यायला आलेल्या चार जणांनी मिळून ते वाटायचं. कुणीतरी उसाचा नळ बंद करील, दुसरा ओरडेल. बस्स, गप्पा सुरू! आणि त्या चौघांत एक सोनपेठचा शेतकरी आणि एक परळीचा कामगार असेल, तर ती गप्पा कुठल्याही टीव्हीवरच्या वादापेक्षा खरी होईल.

परळीच्या निवृत्त संचांचा विषय निघालाच आहे तर एक बाहेरचं उदाहरण. जर्मनीत एसेन शहरात झोलफराइन नावाची कोळशाची मोठी खाण होती. १९८६ मध्ये ती बंद झाली. ती पाडून भंगारात घालायच्या ऐवजी जपली. २००१ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि जिथं कोळसा धुतला जायचा त्या इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. लंडनचं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालयसुद्धा जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे. आपल्याकडं जुना संच निवृत्त झाला की लिलाव होतो. मी असं नाही म्हणत की सगळंच जपा, लोखंडालाही किंमत आहे. पण एक नियंत्रण कक्ष, एक टर्बाइन, पाळीच्या नोंदवह्या आणि तिथं तीस वर्षं काम केलेल्या चार माणसांचे आवाज, एवढं तरी राहायला काय हरकत आहे? पन्नास वर्षांनी कोळसा खरंच मागं पडला, तर मराठवाड्याला उजेड कुणी दिला हे सांगायला कोण उरणार?

[११:१५] दोन्ही बाजू दाखवायच्या

ऊर्जेच्या प्रदर्शनांमध्ये एक नेहमीची खोड असते. सगळं कसं छान, चकचकीत. बटण दाबा, दिवा लागतो. पण दिवा लागताना कुणाचं काय गेलं, ते नसतं.

मुळशीचं उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज देण्यासाठी टाटांनी पश्चिम घाटात जलविद्युत केंद्रं उभी केली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भारताच्या औद्योगिक इतिहासातलं हे मोठं पाऊल. आणि यातल्याच मुळशी धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची जमीन जाणार होती. १९२१ मध्ये विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या पुढाकारानं मुळशी सत्याग्रह झाला. शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. जगातल्या धरणविरोधी लढ्यांमध्ये हा फार आधीचा लढा मानला जातो. लढा हरला, धरण झालं आणि मुंबईला वीज मिळाली.

आता यात खलनायक कोण? वीज नको होती का? हवी होती. कोळसा जाळण्यापेक्षा पाण्याची वीज स्वच्छ नव्हती का? होती. आणि मावळ्यांचं बरोबर होतं का? तेही होतं. दोन्ही खरं असतं तेव्हाच खरी चर्चा होते. म्युझियमनं टर्बाइन ठेवावं आणि शेजारीच सत्याग्रहींची हकीकत ठेवावी. निकाल लावायचं काम बघणाऱ्यावर सोडावं.

हीच नजर आजच्या सोलरवर लावा. सोलर चांगला आहे, मला शंका नाही. रात्री दोनला उठून बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाच्या भीतीनं पाणी द्यायला जाणारा माणूस दिवसा मोटर चालवू शकला, तर त्यासारखं सुख नाही. पण गावच्या गायरानावर पॅनेल बसले, तर शेरडं-मेंढरं कुठं चरायची? ज्यांच्याकडं स्वतःची जमीनच नाही, त्यांना यातून काय मिळणार? पंपाला बिल नाही म्हणून बोअर दिवसभर चालला, तर खालचं पाणी किती दिवस पुरणार? हे प्रश्न विचारणारा सोलरचा दुश्मन नसतो. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत जे नीट बोललं गेलं नाही, ते यावेळी आधी बोलून घ्या, एवढंच तो सांगत असतो.

[१३:२०] पैसे कुणाचे?

सुरुवातीला म्हटलं नव्हतं, पण म्युझियमवर लोकांचा विश्वास असतो तो एका कारणानं. तिथं आपल्याला कुणी काही विकत नाहीये, असं वाटतं. म्हणून पैशाचा विषय महत्त्वाचा.

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मार्च २०२४ ला ‘एनर्जी रिव्होल्यूशन’ नावाची गॅलरी उघडली. प्रायोजक अदानी ग्रीन एनर्जी. गॅलरीचा विषय हवामान बदल आणि स्वच्छ ऊर्जा. पण अदानी समूहाचा कोळशाचाही धंदा आहे, म्हणून तिथं विरोध झाला. २०२१ मध्ये हा करार जाहीर झाला तेव्हाच दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले होते. म्युझियमचं म्हणणं असं की मोठ्या ऊर्जा कंपन्यांकडंच बदलाची ताकद आणि पैसा आहे, त्यांना दूर ठेवून कसं चालेल? विरोधकांचं म्हणणं असं की ज्याचं नाव दारावर, त्याच्याविरुद्ध आत प्रश्न कोण लिहिणार?

आपल्याकडं असं काही उभं राहिलं तर पैसा सरकारी वीज कंपनीचा असेल, नाहीतर सोलर कंपनीच्या सामाजिक निधीचा. साधी गोष्ट आहे. घ्या पैसे, पण पाटीवर लिहा कुणाचे घेतले. आणि पाटीवरचा मजकूर देणाऱ्याच्या हातात देऊ नका.

[१४:३०] इमारत नको, बस चालेल

तुम्ही म्हणाल, भाऊ, परभणीत रस्ते नीट होईनात आणि तू म्युझियम कुठून आणतोस? रास्त आहे. पण म्युझियमला संगमरवरी इमारत लागते असं कुणी सांगितलं? राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बस कित्येक वर्षं गावोगाव जातात. ही कल्पना १९६५ पासूनची आहे. बस शाळेच्या मैदानात उभी राहते, बाजूचे पडदे उघडतात आणि तेच म्युझियम.

अशी एक बस ऊर्जेची करा. एका बाजूला जातं, मोट, चिमणी, कंदील, गॅसबत्ती, रॉकेलचा स्टोव्ह. दुसऱ्या बाजूला मीटर, मोटर, सोलर पॅनेल, बॅटरी. मधोमध ते गोदावरीचं टेबल. ती उभी कुठं करायची? जिथं माणसं आधीच येतात तिथं. कृषी विद्यापीठाच्या १८ मेच्या खरीप मेळाव्यात. परभणीत तुराबुल हक बाबांच्या उरुसात. येलदरीला पाणी बघायला गर्दी होते तेव्हा. आणि बसमध्ये माहिती सांगायला पदवीधर पोरगाच पाहिजे असं नाही. मोट हाकलेला आजोबा बसवा, वायरमन बसवा, चुलीसमोर आयुष्य काढलेली आज्जी बसवा. धुरानं डोळे कसे चुरचुरतात हे तिच्याइतकं कोण सांगेल?

शेवटी एक कोरा फळा. त्यावर रोज एक प्रश्न. ‘तुमच्या गावाला एक मेगावॅट वीज फुकट मिळाली, तर पहिली कुणाला द्याल?’ लोक लिहितील, खोडतील, दुसरा त्याखाली उत्तर देईल. बस पुढच्या गावाला जाताना फळा पुसायचा नाही. पाथरीच्या लोकांनी काय लिहिलं ते पालमच्या लोकांना वाचू द्यायचं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. पण एक काम थांबू शकत नाही. ज्यांनी स्वतः मोट चालवली, ज्यांच्या घरात पहिला बल्ब लागलेला ज्यांना आठवतो, ती माणसं आज सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या आठवणी पेटीत ठेवता येत नाहीत आणि त्या गेल्या की गेल्या. तुमच्या खिशात मात्र रेकॉर्डर आहे. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तीनच प्रश्न विचारा. वीज यायच्या आधी संध्याकाळ कशी जायची? वीज आली त्या दिवशी काय झालं? आणि वीज आल्यावर काय गेलं?

तिसऱ्या प्रश्नावर ते जरा थांबतील. तुम्ही मध्ये बोलू नका. रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि चार्जर प्लगमध्ये लावला असेल तर बटण बंद करा!